वर केलेला अंगठा

पाण्याखाली हवा संपून गेलेल्या भावाला, सिगर्डला, मूठमाती देऊन इंगा ऑर्कनीच्या गारठलेल्या धक्क्यावर येते न येते, तोच लंडनचा पाहुणा समोर आला. बुडालेलं जहाज दाखवायला सिगर्ड यालाच घेऊन उतरला होता.

"शेवटपर्यंत मजेत होता गं तो. बघ, अंगठा वर करतोय." त्याने कॅमेरा पुढे केला.

रोज बोटीवर पाहुण्यांना पाण्याखालच्या खुणा इंगाच शिकवायची. त्या दिवशी हा कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता.

"मग तू काय केलंस?"

"मीही अंगठा दाखवला. आणि अजून फोटो काढले."

इंगाने कॅमेरा त्याच्या छातीवर आदळला.

"पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चल', मेल्या. आणि पाहुण्याला खाली सोडून आमच्यातला कुणी वर येत नाही."