बिनमिठाची मोरस

"काका, एक डोळा मिटा आणि यातून बघा," कॉलेजची मुलगी म्हणाली. खाडीवरून मोरस ही खारट पालेभाजी खुडून आणून पानाचा पातळ काप तिने माझ्या ओसरीवरच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. मला काचेच्या चुऱ्यासारखं काहीतरी चमकताना दिसलं.

"हे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे. शिवाय पानात खाडीचं मीठ असतंच. तुमच्याकडे भाजी कशी करतात?"

"बायको पानं उकडून पिळायची, पाणी फेकायची. वरून मीठ घालायची नाही."

"बरोबर. तरी किडनीच्या पेशंटला ही देऊच नये."

मी डोळा तसाच लावून बसलो.

माझ्या बायकोच्या, हिराच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, जेवणात मीठ घालू नका. अळणी घास तिला गिळवेना. मीठ न घालता चव लागते अशी एकच भाजी मला ठाऊक होती. महिनाभर मी रोज मोरस रांधली. सत्त्व जाईल म्हणून पाणीही फेकलं नाही.

पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "पाणी काढलं नाहीत का हो?"

"जन्मात पहिल्यांदा रांधतोय. लगेच चुका काढू नकोस."

त्यानंतर रोज ती ताटातलं सगळं संपवायची.

तेराव्याला तिची धाकटी बहीण माझ्या पाया पडली. म्हणाली, "भावोजी, तुम्ही हाताने करून घातलंत म्हणून ताई एवढी तरी जगली."

मला ते खरं वाटलं होतं.