आडनाव फ्लॉक्सासिन

मेडिकलवाल्या उन्नतीने काउंटरवर नव्या गोळ्या ठेवल्या, तसं पुतळाबाईने पिशवीतून एक अर्धं पाकीट काढून त्यांच्या शेजारी टेकवलं.

“येकच नाव हाय गो. वाच ना. फ्लॉक्सासिन, फ्लॉक्सासिन. मंग नवी कशाला?”

चौथी शिकलेल्या बाईने अक्षरं मात्र बिनचूक जुळवली होती. बाहेर रिक्षात तिचा नवरा हिरामण छाती दाबून खोकत होता. न्यूमोनिया आहे, उद्यापर्यंत उतार पडला नाही तर ठाण्याला न्या, असं डॉक्टरांनी आत्ताच बजावलं होतं.

“ह्या जुन्या कोणाच्या?”

“माझ्याच. लघवीला जळजळत व्हतं तवाच्या. दोन दिस ह्यांना देते.”

उन्नतीने कपाळाला हात लावला. “मधेच सोडल्यात म्हणजे! थांबा, डॉक्टरांना कळवते.” फोन ठेवून ती वळली. “काकी, तुमच्या पाड्यात सगळे भोईरच ना?”

“समदे.”

“विहिरीत मोटार अडकली की कोणाला बोलावता?”

“काळूरामला.”

“आणि गोदामाचा पत्रा गळला की?”

“चांगदेवला. काळूराम कसला चढतो! शिडी बघूनच त्याला चक्कर येते.” एवढ्या काळजीतही पुतळाबाईला हसू फुटलं.

“तसंच हे. आडनाव एक, काम वेगळं. तुमची नॉरफ्लॉक्सासिन लघवीच्या वाटेला जाऊन लढते, छातीपर्यंत पुरेशी पोहोचत नाही. ही लिव्होफ्लॉक्सासिन फुप्फुसात चांगली शिरते.”

पुतळाबाईचं हसू थांबलं. तिने दोन्ही पाकिटं तळहातावर घेतली. गिळायच्या एकाच तोंडाने. आत सगळा अंधार, ना पाटी ना दिवा, आणि तरी एक खाली वळते, दुसरी वर चढते! तिच्या अंगावर काटाच आला. जन्मभर गोळ्या गिळल्या, पण त्या कुठे जातात हे कधी मनातही आलं नव्हतं.

“हिला वाट कोन दावतं गो?”

“कोणी नाही. तिची घडणच तशी आहे.”

जुनं पाकीट काउंटरवरच ठेवून पुतळाबाई रिक्षाकडे गेली. नवी गोळी तिने हिरामणला पाण्याबरोबर दिली. मग त्याच्या पाठीवर, दुखत होतं तिथेच, हात ठेवला. वाट दाखवावी लागत नाही हे आता तिला कळलं होतं. तरी ती वाकून हळूच म्हणाली,

“हिकडं रं, चांगदेव. वर.”