रंगाऱ्याचे दात

"अहो, या की बाहेर! दात पांढरे करताय का बाथरूमच्या फरश्या?"

रंगाऱ्याला बोलता येत नव्हतं. वरच्या दातांवर पट्टी, खालच्या दातांवर पट्टी, आणि पाकिटावर लिहिलेलं, अर्धा तास बोलायचं नाही. तो आतून नुसता "ऊं ऊं" करत राहिला.

"हंबरू नका. मला कामावर जायचंय."

त्यानं पट्ट्या सोलून काढल्या, चूळ भरली, आरशापुढं दात विचकले. पिवळे. काल होते तेवढेच.

तीन आठवडे हा ताप चालला होता. आधी लिंबू आणि खायचा सोडा झाला. मग मीठ. मग कुणीतरी शहाण्यानं सांगितलं म्हणून कोळशाची पूड. बेसिन काळं झालं, टॉवेल काळा झाला, बायको लाल झाली, पण दात काही बदलले नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी औषधाच्या दुकानातून या पट्ट्या आणल्या. आता साधं गार पाणी लागलं तरी कळ मस्तकात जायची.

हे सगळं लेकीसाठी. थोरल्याच्या लग्नात रंगारी एकूण एक फोटोत ओठ मिटून उभा होता. बघणाऱ्याला वाटावं, व्याह्यांशी मारामारी झाली असणार. पंचवीस वर्षं तंबाखू चघळलेले दात दाखवणार कुणाला? लेकीनं तेव्हाच बजावलं होतं, "बाबा, माझ्या लग्नात तोंड मिटलंत ना, तर फोटोच काढणार नाही मी." त्या दिवशी त्यानं पुडी गटारात टाकली ती टाकलीच. आणि आता रविवारी लेकीचं लग्न होतं.

तो बाहेर आला आणि बायकोपुढं आ वासून उभा राहिला. "बघ. खरं सांग."

"पांढरे आहेत."

"बघितलंससुद्धा नाही!"

"काल बघितले, परवा बघितले. बोहल्यावरसुद्धा इतकं निरखलं नव्हतं हो तुम्हाला. पांढरे आहेत, पांढरे!"

"माझं मन राखतेस."

"तीस वर्षांत कधी राखलंय?"

हे मात्र खरं होतं.

लेक चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, दुधासारखे झालेत. बास करा आता."

"हो, चहातल्या दुधासारखे!"

सगळ्या मेल्या गोड बोलून गप्प बसवणाऱ्या, असं पुटपुटत तो कामावर गेला. तिथं घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभीच.

"मी पांढरा रंग सांगितला होता. ही भिंत निळसर दिसतेय. हॉल आहे माझा, दवाखाना नाही."

"बाई, हल्ली डब्यातून रंगच मळका येतो. मी निळा घालून सरळ केला म्हणून निदान पांढरा झाला. उगाच पोराटोरांसारखं शिकवू नका मला."

"पुन्हा मारून द्या."

रंगाऱ्यानं ब्रश बादलीत आपटला. रंगात भेसळ, पट्ट्यांत भेसळ, आणि वर बोलणी आपण खायची! शुक्रवारी त्यानं कामाला दांडी मारली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची गाठली. बाई लेकीच्याच वयाच्या होत्या. त्यांनी दिवा ओढला, आत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, काय काय चोळलंत हे?"

त्यानं सगळी यादी सांगितली.

"दातांवरचं कवच घासून टाकलंत की! आता काहीएक लावायचं नाही."

"असं कसं? परवा लग्न आहे. पांढरे तर व्हायला हवेत!"

"अजून किती पांढरे हवेत तुम्हाला?"

"हे बघा बाई, माझा धंदाच रंगाचा. पांढऱ्यातले अकरा प्रकार नुसते बघून सांगतो. मला गुंडाळू नका."

बाईंनी सुस्कारा सोडला. खणातून नमुन्याच्या दातांची पट्टी काढली, टोकाचा दात त्याच्या दाताला लावला आणि त्याच्या हातात आरसा दिला.

"हा सगळ्यात पांढरा. याच्यापुढं बनतच नाहीत. तुमचा दात याच्याहून उजळ आहे. घ्या, स्वतः बघा."

रंगाऱ्यानं बघितलं. नीट बघितलं. मग त्याला बाईंचीच कीव आली.

"तुम्हालाही फसवलं की हो बाई! हा पण पिवळाधम्मकच दिलाय."

बाई हसायच्या बेतात होत्या. हसल्या नाहीत. त्यांनी नमुना खाली ठेवला, दिव्याची दांडी धरली आणि उजेड त्याच्या दातांवरून हळूहळू वर नेला, नाकावरून डोळ्यांवर.

"काका," त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू दाखवलाय का कुणाला?"