पुढे सरकवलेलं मिनिट

वॉर्डातली सात नंबरची खाट, म्हणजे कुमुदिनीच्या भाषेत फलाट क्रमांक सात. रुमालात बांधलेलं मंगळसूत्र. सकाळपासून पाणी पिणंसुद्धा बंद. टॅबवर हसणारी कार्टूनमधली डॉक्टरीण.

"बघून झालं की इथं सही करा, मावशी," नर्स म्हणाली. थायरॉइडच्या ऑपरेशनचा व्हिडिओ सुरू झाला. एसटी स्टँडवर बावीस वर्षं माईकवरून गाड्या पुकारणारी कुमुदिनी डोळे ताणून बघू लागली. तिसऱ्या मिनिटाला मुलाने बोटाने व्हिडिओ पुढे सरकवला.

"मागं घे."

"आई, तेच तेच आहे गं. सोड गाडी पुढं."

"मी पुकारल्याशिवाय गाडी सुटत नाही. मागं घे!"

त्याने घेतला. पडद्यावरच्या गळ्यात एक पिवळी नस होती. तिला धक्का लागला तर आवाज बसू शकतो, क्वचित कायमचा, असं डॉक्टरीण हसतच सांगत होती. कुमुदिनीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"सही नंतर," ती नर्सला म्हणाली. "आधी डॉक्टरांना बोलवा. मला स्वतःला विचारायचंय."

मुलगा खाली मान घालून बसला. हॉस्पिटलने सोमवारीच त्याच्या मोबाईलवर पाठवलेला तो व्हिडिओ त्याने एकट्याने चार वेळा पाहिला होता.