पहिल्या नंबरचं गाणं

"ते गाणं यादीतून काढून टाका," शौकी म्हणाला, आणि त्याच्या बायकोच्या, हिकमतच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बदरिया हानिमला कुणी बेसूर म्हटलं म्हणून ज्याने सख्ख्या मेव्हण्याशी दोन वर्षं अबोला धरला, तो माणूस म्हणतो काढून टाका? मुलुखियाच्या पालेभाजीची पानं खुडता खुडता हिकमतने मान वर केली. शौकी बाल्कनीतल्या खुर्चीत चुळबुळत होता. शेजारचे उस्ताद फिक्री, शाळेतले निवृत्त संगीतमास्तर, हातात पेन्सिल धरून आ वासून त्याच्याकडे बघत होते.

गेले सात शुक्रवार नमाज आणि जेवण उरकलं की या दोघांचा हाच उद्योग. जुन्या गायिकांची दहा गाणी निवडायची, त्यांना नंबर लावायचे आणि तावातावाने भांडायचं. आठ जागा भरल्या होत्या. पहिल्या दोन उरल्या होत्या आणि गाणीही दोनच: वजीदा लुत्फीचं 'बंदरावरचा वारा' आणि बदरियाचं 'कॉफी अजून गरम आहे'.

"अरे, ऊन लागलं का तुला?" उस्ताद म्हणाले. "परवापर्यंत म्हणत होतास, बदरियापुढे बाकीच्या बाया म्हणजे कोंबड्या!"

"म्हणत होतो. आता नाही म्हणत."

"मग ऐकूनच ठरवू." उस्तादांनी खिशातून एक कॅसेट काढली. "काल सांगितलं ना, भाच्याने कैरोहून शोधून आणली. स्टुडिओतली नाही हं, मैफलीतली आहे. मध्येच एक वेडा ओरडतो ना, तीच!"

शौकीचा चेहरा खर्रकन उतरला. "ती नको. मैफलीत नुसता लोकांचा गोंगाट. आणि आमचं मशीन टेप खातं."

"कधीपासून?" हिकमत म्हणाली. "सकाळीच तर मी कुराणाची लावली होती. चांगली चालली."

मग शौकीला रक्तदाबाची गोळी आठवली आणि तो उठला. ती त्याने न्याहारीनंतर तिच्यासमोरच गिळली होती. तो पुन्हा खाली बसला.

कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की. कोण असेल ती? हिकमत एकेकीला आठवू लागली. तिकीट खिडकीवरची ती ग्रीक पोरगी? की तांता स्टेशनाजवळची विधवा, जी दर ईदला त्याच्यासाठी डबाभर बिस्किटं पाठवायची? गाण्याला कोण घाबरतं! घाबरतात ते गाण्यामागच्या बाईला. म्हातारपणी हेही बघायचं होतं तर!

"लावा, उस्ताद," ती हात पुसत म्हणाली. "कधीची आहे?"

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवून कॅसेटवरचं वाचलं. "सहा डिसेंबर, बासष्ट. महिन्यातला पहिला गुरुवार, तिच्या मैफलीचा."

हिकमतचा जीव भांड्यात पडला. स्वतःचीच लाज वाटली तिला. त्या रात्रीचं काय विचारता! त्याच दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि शुक्रवारी पहाटे नजवा झाली. शौकी तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, कैरोला गेलेला. दुपारीच त्याला निरोप पोचला होता. पण पावसाने गाडी अडकली आणि बिचारा कफ्र दव्वार स्टेशनापासून रुळांवरून रात्रभर चालत अलेक्झांड्रियाला आला. सकाळी दारात उभा राहिला तेव्हा बूट चिखलाने भरलेले. बाळंतीण असूनही तिने त्याच्या पायांसाठी पाणी तापवायला लावलं होतं. एक्केचाळीस वर्षं ती हा किस्सा सांगत आली होती. घरात नवी सून आली की तिला सांगायची, नवरा असावा तर असा. त्या एका रात्रीसाठी तिने त्याचं बाकीचं सगळं पोटात घातलं होतं.

टेप सुरू झाली. व्हायोलिनं थांबली आणि बदरियाने ती ओळ घेतली: 'बस ना, कॉफी अजून गरम आहे.' सगळं सभागृह उसासलं. आणि त्या शांततेत एक तरुण, खणखणीत आवाज उठला.

"पुन्हा, बाईसाहेब, पुन्हा! घरी कोणाला जायचंय!"

लोक खो खो हसले. बदरियाही हसली आणि तिने ओळ पुन्हा घेतली.

हिकमतने तो आवाज ओळखला. त्या आवाजाबरोबर तिने उभा जन्म काढला होता.

उस्तादांनी आधी टेपकडे पाहिलं, मग शौकीकडे, मग ते यादीत डोकं खुपसून बसले. टेपमधला वेडा दुसऱ्यांदा ओरडला. ओळ तिसऱ्यांदा आली.

"हिकमत, अगं, ऐक ना..."

"ऐकतेच आहे."

"गाडी... पहाटेची मिळाली मला. पाऊस खरंच होता गं."

"आणि बूट?"

शौकीने मान खाली घातली. "स्टेशनाबाहेर चिखल होता," तो पुटपुटला.

उस्तादांनी घसा खाकरला आणि घाईघाईने पेन्सिल उचलली. "नजवाच्या आई, मी म्हणतो, शौकीचं बरोबर आहे. हे गाणं बादच करू."

"बाद कशाला?" हिकमत म्हणाली. "पहिला नंबर लिहा. बायको बाळंत होतेय हे कळूनही जो घरी आला नाही, त्याला या बाईने एका कपभर कॉफीवर रात्रभर बसवून ठेवलं. यापेक्षा मोठं गाणं कुणी गायलं असेल, तर सांगा मला."