यंदाची झडती

डफडं थांबलं. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या आणि सगळं गाव जानरावांच्या तोंडाकडे पाहत होतं.

अकोटाकडच्या या गावात झडतीशिवाय पोळा फुटत नाही. बैलांपुढं म्हणायच्या या दोन तुकबंद ओळींत सरकारची अब्रू काढायची, आणि ती काढावी जानरावांनीच. आमदार, मंत्री, पेपरवाले, त्यांनी कुणालाच सोडलं नव्हतं. मागच्या पोळ्याला रस्त्याच्या खोट्या बातमीवर त्यांनी म्हटलं होतं:

"रस्ता झाला पेपरात, गाडी रुतली गाऱ्यात,
पेपर टाका चाकाखाली, तेवढाच कामी खऱ्यात!"

गाव आठ दिवस हसत होतं.

यंदा मात्र पंचाईत झाली. सरपंच त्यांचीच सून, अपेक्षा. तिच्या काळात पाण्याची टाकी झाली, नळ आले, पाणी काही आलं नाही. सकाळीच किशोरनं बापाला बजावलं होतं की, चारचौघांत माझ्या बायकोची इज्जत गेली तर उद्यापासून आमची चूल वेगळी. बोलावं तर घर फुटतं, न बोलावं तर आजवरची झडती खोटी ठरते. म्हातारा करणार काय!

जानरावांनी खाकरून घेतलं. ओठांवर आलेली झडती गिळली आणि नुसताच "एक नमन गौरा पारबती" असा जयकार सुरू केला.

घरचं आलं तं बुढा मुका झाला, असं कुणीतरी म्हणालंच. जानरावांची मान खाली गेली.

तेवढ्यात मारुतीच्या पारावरून, बायकांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला.

"टाकी बांधली उंच उंच, नळ घरोघरी,
सरपंचाची काटकसर पाहा, थेंब ना खर्च करी!"

अपेक्षाच होती ती. बाईमाणसानं झडती म्हटल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं. किशोर तर आ वासून पाहत राहिला. पण तिचं संपलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरून ती सासऱ्याकडे वळली.

"साऱ्या गावाले बोलले मामाजी, नाही ठेवली भीड,
सून झाली सरपंच, तं जिभेले लागली कीड!"

मग "हर हर महादेव" असं काही उठलं की बैल बुजले. जानरावांचे डोळे भरून आले. तोरणाखालची झडती म्हणायची आपली मानाची जागा त्यांनी सुनेसाठी मोकळी केली, तिला हात जोडले आणि गावाकडे वळून म्हणाले,

"पुढच्या खेपेले हिले मत देऊ नका रे. सरपंच काय, कोनीबी होते."