पाचचा फोन

सव्वासहा झाले तरी धनश्रीचा फोन नव्हता.

राहात्याजवळच्या वस्तीवर, चहूबाजूंनी उभ्या उसाच्या मधोमध, सुरेखा मोबाईल मांडीवर घेऊन बसली होती. लेक सुंदरबनात वाघ मोजायच्या कामावर. खारफुटीच्या जंगलात चिखल तुडवत कॅमेरे लावायचे, असली नोकरी! रोज पाचला बोट रेंजमध्ये आली की तिचा फोन यायचा आणि सुरेखाचं एकच पालुपद सुरू व्हायचं, "सोड ती नोकरी, घरी ये." तीन वर्षांत पोरीनं ते एकदाही मनावर घेतलं नव्हतं. बापाचा हट्टीपणा पुरेपूर उतरला होता.

आज मात्र सुरेखाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवरा, काकासाहेब, खिडकीपाशी उभे होते. रेडिओ मोठ्यानं चालू होता.

फोन वाजला.

"आई, घाबरलीस ना? ओहोटीत बोट रुतली. भरती येईपर्यंत बसून राहिलो."

"वाघ न्हाई ना आला?"

"अगं, तीन वर्षांत मी त्याचे फोटो पाहिलेत नि पायांचे ठसे. बस."

सुरेखाचा जीव भांड्यात पडला. तिला रडूच कोसळलं.

"रेडिओ केवढ्यानं लावलाय!"

"तुझ्या आण्णांना कमी ऐकू येतं हल्ली."

काकासाहेबांनी वळून तिच्याकडं पाहिलं.

"आणि वासरू एवढं जवळ कसं हंबरतंय?"

"थंडी लई हाय. घरात बांधलंय."

धनश्री म्हणाली, "आई, तुझ्या जिवाला असा घोर लावून मी नाही राहणार. राजीनामा देते. परवा घरी येते."

सुरेखा खिडकीकडं बघत राहिली.

"नगं बाळा," ती म्हणाली. "माजंच चुकलं इतकी वर्सं. वाघ वाचले पायजेत. तू तिथंच ऱ्हा."

"खरंच, आई?" धनश्रीचा आवाज भरून आला. "हे ऐकायला मी तीन वर्षं थांबले गं."

फोन ठेवून सुरेखानं डोळे पुसले. तिला फार मोकळं वाटत होतं.

"सुखरूप हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "आन् येत न्हाई."

"बरं झालं," खिडकीवरची नजर न काढता काकासाहेब हळूच म्हणाले. "ओट्यावर आता तिसरा बिबट्या येऊन बसलाय."